नवीन जेएमएफसी साहेबांना आणि मॅडमना: वकिलाचा प्रश्न बाईच्या तोंडी घालू नका

नमस्कार साहेब, नमस्कार मॅडम,

एमपीएससी काढून, ट्रेनिंग उरकून तुम्ही आता कुठल्यातरी तालुक्याला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणून बसणार, आधी अभिनंदन. मी फौजदारी बाजूला स्टेनो होते, आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर, आता रिटायर आहे म्हणून मोकळेपणाने लिहितेय. नोकरीत असताना स्टेनोने साहेबांना काही सांगायची पद्धत नसते, "हो सर" म्हणायचं आणि टाइप करत राहायचं. पण टाइप करता करता जे लक्षात येतं ना ते वकिलांच्याही लक्षात येत नाही, कारण ते बोलून मोकळे होतात आणि कागदावर शब्द उतरतात ते आमच्या बोटांतून.

तर सरळ मुद्द्यावर येते. विनयभंगाच्या केसमध्ये उलटतपासात असं वाक्य टाइप होतं:

"हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीला स्वतःहून घरी बोलावले होते."

हे वाक्य बाई कधी बोललेलीच नसते. बोललेला असतो बचावाचा वकील, तोही मोठ्या आवाजात, "तूच त्याला घरी बोलावलं होतंस ना?" आणि ती कठड्यात पदर घट्ट धरून फक्त "नाही" म्हणते. मग साहेब स्टेनोकडे बघून डिक्टेट करतात आणि कागदावर "मी" येतो. त्यानंतर पुढचं, हे म्हणणे खरे नाही की माझी गावात चांगली चर्चा नव्हती. हे म्हणणे खरे नाही की नवऱ्याने मला त्याच कारणावरून सोडले. हे म्हणणे खरे नाही की यापूर्वीही मी अशाच खोट्या केसेस केल्या. तिसऱ्या पानापर्यंत गावातली सगळी कुचाळकी तिच्याच तोंडून, प्रथमपुरुषी, सही-शिक्क्यानिशी रेकॉर्डवर येते आणि तिने जे केलं ते फक्त नाही, नाही, नाही. साक्ष संपल्यावर वाचून दाखवलं की ती दचकते, "हे मी कुठं म्हणाले?" आणि कुणीतरी तिला समजावतं की अगं तू नाही म्हणालीस असंच लिहिलंय, कर सही.

आता तुम्ही म्हणाल की ही तर लिहायची पद्धतच आहे, निवेदन स्वरूपात साक्ष घ्यायची असते, म्हणजे प्रश्न-उत्तर वेगळं न लिहिता सगळं साक्षीदारच सलग बोलतोय असं. बरोबर. आणि पंचाच्या किंवा डॉक्टरच्या साक्षीत त्याने काही बिघडत नाही, "हे म्हणणे खरे नाही की पंचनामा पोलिस ठाण्यात बसून केला" यात कुणाची अब्रू जात नाही. पण बाईच्या चारित्र्यावरचे प्रश्न याच साच्यात घातले की काहीतरी वेगळंच होतं, आणि ते का होतं हे कळायला थोडं मागे जायला लागेल. तुम्ही जरा ऐकून घ्या, हे सगळं तुमच्या सिलॅबसला असेलही, पण तुकड्यातुकड्यात असतं, परीक्षेला पाच मार्काला.

१८७२ चा पुरावा कायदा घ्या. स्टीफन साहेबाने मसुदा केला. त्यात कलम १५५ चं चौथं पोटकलम होतं, बलात्काराच्या खटल्यात फिर्याद करणारी बाई सर्वसाधारणपणे बदचालीची आहे असं दाखवून तिच्या साक्षीची विश्वासार्हता मोडायला परवानगी. चोरीच्या फिर्यादीत फिर्यादी दारुडा आहे म्हणून चोरी झालीच नाही असं काही कलम नव्हतं हं, हे खास बाईसाठी. हे पोटकलम २००२ च्या अखेरीस काढलं. म्हणजे १३० वर्षं राहिलं, त्यातली ५५ स्वातंत्र्यानंतरची.

आणि गंमत पुढे आहे, म्हणजे गंमत कसली. त्याच कायद्यात, तीन-चार कलमं अलीकडे, कलम १५१ आणि १५२ पण पहिल्या दिवसापासून होती. १५१ म्हणतं की अश्लील किंवा बदनामीकारक प्रश्न कोर्ट मना करू शकतं, वादाच्या मुद्द्याशी थेट संबंध नसेल तर. १५२ तर त्याच्याही पुढे, अपमान करायला किंवा त्रास द्यायला विचारलेला प्रश्न, किंवा प्रश्न ठीक पण विनाकारण घाणेरड्या भाषेत विचारलेला, तो कोर्टाने मना केलाच पाहिजे. तिथे "वाटलं तर" नाही. तर एकाच पुस्तकात बाईला सोलायचं हत्यार पण होतं आणि तिला झाकायची चादर पण होती, दोन्ही एकाच वयाची. यातलं कुठलं जास्त वापरलं गेलं ते जुनी डिपॉझिशन्स, म्हणजे नोंदवलेल्या साक्षी, चाळलीत की तुमचं तुम्हालाच दिसेल, मी सांगायची गरज नाही. नवीन भारतीय साक्ष अधिनियमात ही दोन कलमं १५४ आणि १५५ झालीत, शब्द जवळजवळ तेच. नंबर तेवढे पाठ करा.

हे सगळं आलं कुठून असं विचाराल तर इंग्लंडहून आलं, तिथल्या सर मॅथ्यू हेल नावाच्या न्यायाधीशाची त्यावर फार मोठी सावली आहे. बलात्काराचा आरोप करणं सोपं, सिद्ध करणं अवघड आणि खोटा असला तर बिचाऱ्या आरोपीला बचाव करणं त्याहून अवघड, हे त्याचं म्हणणं, तो वारल्यावर साठ वर्षांनी १७३६ साली छापलं गेलं आणि पुढे शेकडो वर्षं ज्युरीला जवळजवळ मंत्रासारखं ऐकवलं गेलं. नवऱ्याने बायकोवर केला तर तो बलात्कारच नाही हेही त्याचंच. आता याच माणसाने १६६२ साली बरी सेंट एडमंड्सला दोन म्हाताऱ्या बायकांचा खटला चालवला होता, चेटकीण म्हणून. पुरावा काय, तर पोरींना झटके येतात आणि त्या टाचण्या ओकतात. दोघींना फाशी. म्हणजे बाई तक्रार करायला आली की सावध राहायचं आणि बाई आरोपी म्हणून आली की टाचण्यांवरही विश्वास ठेवायचा, एकाच माणसाच्या डोक्यात हे दोन्ही नांदत होतं. इंग्लंडने लग्नातल्या बलात्काराची सूट १९९१ साली मोडीत काढली. आपल्या न्याय संहितेत कलम ६३ खाली अपवाद २ म्हणून ती अजून आहे, बायको अठराच्या आतली नसली म्हणजे झालं. त्यावर इथे वाद घालत नाही, तो तुमच्या हातातला नाही.

आपल्याकडचं बघायचं तर जुने खटले मला जास्त छळतात ते विधवांचे. जोतीराव फुल्यांनी १८८४ च्या टिपणात पुण्याच्या काशीबाईची हकिगत लिहिलीय, तरुण ब्राह्मण विधवा, गोवंड्यांच्या घरी स्वयंपाकाला, शेजारच्या शास्त्र्याने नादी लावलं, दिवस गेले, औषधं घेऊन बघितली पण काही झालं नाही, मूल झालं ते तिने मारलं. पुण्याच्या सेशन्स कोर्टाने जन्मठेप काळं पाणी दिलं. फुले नवराबायकोने १८६३ साली घरातच बाळंतपणाची सोय काढली ती याच धसक्याने. मग १८८१ ला सुरतेची विजयालक्ष्मी, तीही विधवा, तोच गुन्हा, सेशन्सने फाशी दिली, अपिलात काळं पाणी झालं आणि शेवटी पाच वर्षांवर आलं. त्यावर पेपरांतून बायका कशा बिघडत चालल्यात यावर लेख आले, आणि ते वाचून आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे अशा भडकल्या की त्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापली. पुनर्विवाह करू देणार नाही, केशवपन करणार, घरातल्याच कुणी हात घातला तर गप्प बसवणार आणि मूल झालं की कलम ३०२, म्हणजे खुनाचं. कोर्टासमोर ती एकटीच उभी, दुसरा माणूस खटल्यात कुठेच नाही. इंग्लंडने १९२२ मध्ये नवजात मूल मारणाऱ्या आईसाठी वेगळा, सौम्य कायदा केला, आपल्याकडे तसा आजतागायत नाही. तुमच्यापुढे कधी अशी पोरगी रिमांडला आली ना, हॉस्पिटलमधून डायरेक्ट, अंगात ताप, छाती भरलेली, तर तेवढं लक्षात असू द्या.

कलकत्त्याचं फुलमणी प्रकरण माहीत असेलच. १८९०, मुलगी दहा-अकरा वर्षांची, नवरा पस्तिशीतला, शरीरसंबंधात ती रक्तस्राव होऊन गेली. बलात्कार लागला नाही कारण संमतिवय तेव्हा दहा होतं आणि बायको होती. निष्काळजीपणाने दुखापत केली म्हणून एक वर्ष सक्तमजुरी. घरातल्या बायका कोर्टात येऊन सगळं सांगून गेल्या होत्या तरी. पुढल्या साली वय बारा केलं, त्यालाही आपल्या पुण्यात केवढा विरोध, टिळकसुद्धा विरोधात. असो.

आता जवळचं. चंद्रपूर जिल्हा, तेव्हा गडचिरोली वेगळा झाला नव्हता, देसाईगंज पोलीस ठाणे, २६ मार्च १९७२. आईबाप नसलेली आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या मध्ये, मजुरी करणारी, भावाने तक्रार दिली म्हणून रात्री जबाबाला आणलेली. तिला मागे ठेवून घेतलं आणि ठाण्यातच दोन पोलिसांनी जे केलं ते केलं, बाहेर घरची माणसं उभी. लोक ही केस मुलीच्या नावाने ओळखतात, कायद्याच्या पुस्तकात तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, मी आरोपीचंच नाव घेणार, कारण पीडितेचं नाव छापायचं नाही हा कायदा याच केसनंतर आला आणि तिला मात्र तो उशिरा झाला.

सेशन्स कोर्टाने १९७४ मध्ये दोघांना सोडलं, मुलगी खोटारडी आहे आणि तिला संबंधांची सवय आहे असं लिहून. नागपूर खंडपीठाने १९७६ ला फिरवलं, तिथे न्यायाधीशांनी एक फार सरळ गोष्ट लिहिली की निमूटपणे सोसणं वेगळं आणि संमती वेगळी, ठाण्यात पोलिसासमोर पोरगी काय करणार होती. मग सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे जे झालं ते शांततेत झालं. शांततेत! पोलीस ठाण्यात, रात्री, दार लावून. मी हे जजमेंट पहिल्यांदा वाचलं ते एका वकिलाने झेरॉक्सला दिलं होतं तेव्हा, आणि मशीन थांबवून वाचत बसले होते.

त्यावर १९७९ मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. कोर्टाच्या निकालाला असं उघड पत्र तेव्हा कोण लिहितं हो. त्यातून आंदोलन उभं राहिलं, मुंबईत बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ ला कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम, अशा केसमध्ये संबंध सिद्ध झाला आणि ती म्हणाली संमती नव्हती तर कोर्टाने नव्हती असंच धरायचं, खटला इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआड, नाव छापायला बंदी. माझंही हे खुलं पत्रच म्हणायचं, पण त्यांची बरोबरी नाही करत बाबा, ते प्राध्यापक, मी स्टेनो.

पण जुन्या पुरावा कायद्यातलं ते १५५(४) तेव्हाही काढलं नाही बघा. आणखी जवळपास वीस वर्षं ठेवलं.

आणि डॉक्टरांचा कागद. "संबंधांची सवय आहे" हा शब्दप्रयोग दोन बोटांच्या तपासणीतून यायचा, मेडिकल सर्टिफिकेटवर छापील रकाना असायचा, डॉक्टर भरायचे आणि आम्ही साक्षीत उतरवायचो. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं की ही तपासणी बाईच्या प्रतिष्ठेवर घाला आहे, २०२२ मध्ये सांगितलं की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी तर न्यायवैद्यकाच्या बाजूने यामागे वर्षानुवर्षं लावून धरलंय. तरी तुमच्यापुढे जुन्या धाटणीचा फॉर्म आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. तो रकाना वाचून दाखवायला वकिलाला परवानगी द्यायची की नाही हे मात्र ज्याच्यापुढे साक्ष चालू आहे त्याच्या हातात.

तुम्ही म्हणाल बाई, बलात्काराच्या केसेस आमच्यापुढे चालतच नाहीत, कमिट करून, म्हणजे आमच्याकडून वर पाठवून, सेशन्सला जातात, आम्हाला कशाला सांगताय. अहो पण सुरुवात तुमच्याकडेच होते ना. पूर्वीचं १६४, आताचं १८३, पीडितेचा तो जबाब तुम्हीच घेणार, बंद खोलीत. विनयभंग तुमच्यापुढे. सासरच्या छळाचं पूर्वीचं ४९८अ, आताचं ८५, तुमच्यापुढे. घरगुती हिंसाचाराचे अर्ज तुमच्यापुढे ढीगभर. आणि रिमांड. आणि आणखी एक, आज ज्या सवयी लावाल त्याच घेऊन तुम्ही पंधरा-वीस वर्षांनी सेशन्सच्या खुर्चीत बसणार.

रिमांडवरून आठवलं. बायका आरोपी म्हणून येतात तेव्हा सगळे म्हणतात की बायकांना कोर्ट नरम असतं, जामीन लवकर मिळतो. कायद्यात तशी सोय आहे, खरंय. पण १९८३ सालीच पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला, त्यांनी मुंबई सेंट्रल जेलमध्ये पंधरा बायकांशी बोलून बघितलं, त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. कोर्टाने बायकांसाठी वेगळे लॉकअप, महिला पोलिसांचा पहारा असं बरंच सांगितलं, आणि मॅजिस्ट्रेटला सांगितलं की समोर आणलेल्या आरोपीला कोठडीत छळ झाला का हे विचारायचं आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हे सांगायचं. झालं काय, तर त्या विचारण्याची एक ठरीव ओळ झाली, "पोलिसांविरुद्ध तक्रार नाही." ऑर्डरमध्ये आधीच टाइप केलेली असते, कॉपी पेस्ट. विचारलं जातं तेव्हा ज्यांच्याविरुद्ध विचारायचं तेच तिच्या कोपराला धरून उभे असतात. पोलिसांना जरा दाराबाहेर उभं करून विचारा, दोन मिनिटं लागतात. आणि उत्तर काय येतं बघा.

मुंबई हायकोर्ट १८६२ चं आणि तिथे पहिली महिला न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, आल्या १९७८ ला. सुप्रीम कोर्टात फातिमा बीवी १९८९ ला. म्हणजे मी वर सांगितलेली बहुतेक कलमं, बहुतेक निकाल ज्या काळात घडले त्या काळात खुर्चीत बाई नव्हतीच. आता तुमच्या बॅचमध्ये मुली भरपूर असतात, चांगलंच आहे, पण मॅडम, खरं सांगू का, डिक्टेशन मात्र तेच असतं, "हे म्हणणे खरे नाही की". बाई खुर्चीत बसली म्हणून आपोआप काही बदलत नाही, कारण सीनियरने जसं केलं तसं आपण करतो आणि वेळ कुणाकडे असतो, बोर्डावर शंभर मॅटर असतात, मला सगळं माहीत आहे.

वकिलांनाही मी व्हिलन करत नाही. आरोपीचा बचाव करणं हे त्यांचं कामच आहे आणि खोट्या केसेस येतच नाहीत असंही नाही, क्रॉस, म्हणजे उलटतपास, कडक झालाच पाहिजे. वेळ कुठली होती, अंधार होता की उजेड, फिर्याद दोन दिवस उशिरा का, जमिनीचा वाद होता का, विचारा की, घाम फुटेपर्यंत विचारा. पण बाईने कुठले कपडे घातले होते आणि नवऱ्याने का टाकलं याचा कुठल्या मुद्द्याशी संबंध आहे ते वकिलाला एकदा विचारायला तुमचं काय जातं? सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या गुरमित सिंग निकालात स्पष्ट सांगितलंय की असा क्रॉस चालू असताना न्यायाधीशाने मुका प्रेक्षक होऊन बसायचं नाही. २००४ च्या साक्षी निकालात तर असंही आलं की आरोपीतर्फे घटनेशी थेट निगडित प्रश्न लेखी कोर्टाकडे द्यायचे आणि कोर्टाने ते नीट, समजेल अशा भाषेत विचारायचे. आमच्याकडे एक साहेब होते, ते काही बोलायचे नाहीत, फक्त पेन खाली ठेवायचे आणि वकिलाकडे बघत राहायचे. वकील आपणहून "मी विथड्रॉ करतो" म्हणायचा. तसे साहेब थोडे होते.

आता माझी मागणी, आणि ती फार छोटी आहे, कायदा बदलायला नको, जीआर नको. साक्ष निवेदन स्वरूपात घ्यावी असं आहे तिथेच पुढे असंही आहे की न्यायाधीशाला वाटलं तर कुठलाही भाग प्रश्नोत्तर स्वरूपात घेता येतो. ते वापरा. चारित्र्यावरचा प्रश्न आला की आधी नव्या कायद्याच्या १५४, १५५ मध्ये बसतो का बघा, बसत असेल तर मना करा आणि मना केला हे लिहा, कारणासकट, कारण अपिलात तेच बघितलं जातं. आणि मना करण्यासारखा नसेल, संबंधित असेल, तर प्रश्न वकिलाचा म्हणून वकिलाच्या शब्दांत लिहा, खाली तिचं उत्तर. प्रश्न: असा असा. उत्तर: नाही. म्हणजे कुणी काय विचारलं ते कागदावर विचारणाऱ्याच्याच नावावर राहतं. मी बघितलंय, प्रश्न जसाच्या तसा टाइप होणार आहे म्हटल्यावर वकील शब्द जपून वापरतात, काही जण तर विचारतच नाहीत, कारण वर हायकोर्टात तेच पान उघडलं जाणार असतं.

स्टेनोला वेगळं काही शिकवायला लागत नाही. "प्रश्नोत्तर स्वरूपात घ्या" एवढं म्हणा, फॉरमॅट तिला माहीत असतो. वकील हरकत घेतील, तीही लिहून घ्या.

आपली,
फौजदारी बाजूची एक निवृत्त स्टेनो